कुमकेची कोशिंबीर

सावेरिओ कापास्सोंनी फ्लॉवर उकळत ठेवला आणि ते मेंढपाळाचा मोडलेला पाय चिकटवायला बसले. सगळं बिनसलं ते तिथेच. नाताळ परवावर आलेला, दिवाणखान्यात येशूच्या जन्माच्या गोठ्याचा देखावा निम्मा मांडून झालेला. बुचाचे डोंगर, त्यांच्यावर शेवाळ, खाली आरशाच्या तुकड्याचं तळं. सगळं तयार होतं, फक्त मेंढपाळ उभा राहत नव्हता. गोंद लावला की पाय सावेरिओंच्या बोटाला चिकटायचा, मेंढपाळाला नाही. तो बोटावरून सोडवून पुन्हा लावेपर्यंत स्वयंपाकघरातून असा वास आला की सावेरिओ मेंढपाळाला तसाच लंगडा टाकून धावले.

भांड्याचं झाकण उचललं तर आत फ्लॉवर नव्हताच. पांढरट लापशी होती आणि तिच्यात फुगून टम्म झालेला अख्खा पाव तरंगत होता. तो पाव सावेरिओंनीच घातला होता. फ्लॉवर उकळताना वास मारायला भांड्यात पाव घालतात असं त्यांची बायको तितीना म्हणायची, एवढं त्यांना चाळीस वर्षांच्या संसारातून आठवत होतं. पावाचा एक तुकडा घालायचा असतो आणि तो व्हिनेगरमध्ये भिजवायचा असतो, हे मात्र आठवलं नव्हतं.

तसं बघायला गेलं तर सावेरिओंना फ्लॉवर उकळायचं काही कारण नव्हतं. जन्मभर त्यांनी डोंगरावरची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे, चालवली. खालून वर, वरून खाली. तितीना गेली तेव्हापासून पाव, मॉर्टाडेला नावाचं तयार सॉसेज आणि कॉफी यांच्यावर त्यांचं छान चाललं होतं. पण शरदात त्यांची मुलगी लोरेदाना तूरिनहून आली आणि तिने न विचारता फ्रिज उघडला. आत अर्धं लिंबू होतं आणि गोंदाची बाटली होती. गोंद थंडीत टिकतो, असं सावेरिओंनी सांगून पाहिलं. लोरेदाना तेव्हा काही बोलली नाही. बोलली ती तूरिनला परत गेल्यावर, फोनवर.

"पप्पा, पुरे झालं आता. आमच्याकडे या. खोली रिकामी आहे."

"तूरिनला धुकं असतं."

"धुक्याने कुणी मरत नाही. मॉर्टाडेलाने मरतात. तुम्ही तिथे काही रांधून खात नाही."

"कोण म्हणतं? रोज रांधतो!"

"काय रांधता?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं कापास्सोंच्या घराण्यातच नाही. "काय काय सांगू? या नाताळला तर कुमकेची कोशिंबीर मीच करणार आहे. तुझ्या आईची. तश्शीच!"

पलीकडून लोरेदाना हळूच म्हणाली, "आईची? बरं. आईच्या पद्धतीने केलेली कोशिंबीर मला टेबलावर दिसली ना, तर पुन्हा तूरिनचं नाव काढणार नाही. नाही दिसली तर रिकामी सुटकेस घेऊनच येतेय, कपडे मी भरेन."

तर असा हा पेच होता. कुमकेची कोशिंबीर म्हणजे तशी साधी गोष्ट. उकडलेल्या फ्लॉवरचे तुरे, ऑलिव्ह, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या गोल मिरच्या, खारवलेली मासळी, वरून तेल. नाताळच्या आदल्या दिवशी भलंमोठं भांडं भरायचं, आणि मग जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत रोज जेवढं संपेल तेवढी नवी भर, म्हणजे कुमक, घालत राहायचं. ज्या घरात सणाआधी भांड्याचा तळ दिसतो, त्या घराबद्दल आमच्या गल्लीत लोक वर्षभर बोलतात. सावेरिओंनी ही कोशिंबीर चाळीस वर्षं खाल्ली, पण ती होताना एकदाही पाहिली नाही. त्या दिवशी तितीना स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची आणि सावेरिओ पिशव्यांनी लदलेल्या माणसांना डोंगरावर चढवत असायचे. एवढं मन लावून करायच्या पदार्थाला दार लावावंच लागत असणार, असं ते लोकांना कौतुकाने सांगायचे.

दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या नुन्झियाताबाई होत्या, नाकाला पदराऐवजी ॲप्रनचं टोक लावून.

"सावेरिओभाऊ, कोण गेलं?"

"कुठे कोण गेलं?"

"वासावरून विचारते. माझ्याकडचे पडदे काढून ठेवलेत मी." आणि त्या सरळ आत शिरून भांड्यात डोकावल्या. "अगं बाई! हे काय?"

कोशिंबीर बिघडली हे नुन्झियाताबाईंना कळणं म्हणजे ते संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला आणि रात्रीच्या आत तूरिनला कळणं.

"पास्ता," ते म्हणाले. "फ्लॉवर घालून पास्ता."

नुन्झियाताबाईंचा चेहरा खुलला. "मग बरोबर! पास्त्याला असाच गाळ लागतो. माझ्या सुनेला सांगून सांगून जीभ झिजली माझी, ती मेली तुरे अख्खे ठेवते. आणि कोशिंबिरीचा फ्लॉवर?"

"तो वेगळा. तो... येतोय."

"येतोय म्हणजे? चालत येतोय?" असं म्हणून त्या गेल्या, आणि परत आल्या त्या निळ्या काठाची बशी भरून फ्लॉवरची भजी घेऊन. पातळ, कुरकुरीत, अजून चुरचुरत होती. "ठेवा. लोरेदानाला फ्रॉक घालायची तेव्हापासून माझी भजी आवडतात. बशीची घाई नाही."

बशीची घाई नाही याचा अर्थ आमच्याकडे एकच. बशी परत यायला हवी, लवकर यायला हवी, आणि रिकामी यायला नको. रिकामी बशी परत करणाऱ्याशी आमच्या इमारतीत लोक बोलत नाहीत असं नाही, बोलतात, पण कसं बोलतात ते विचारू नका.

सावेरिओंनी गॅलरीतून टोपली दोरीने खाली सोडली. खाली जेरार्दोचं भाजीचं दुकान आहे.

"जेरार्दो! अजून एक फ्लॉवर पाठव!"

"काका, सकाळचा काय झाला?"

"लहान निघाला!"

"लहान? अहो, तो टोपलीत ठेवताना माझ्या कमरेत उसण भरली!"

आता आमच्या गल्लीत गॅलरीतून बोललेली गोष्ट खासगी राहत नाही, तशी कुणाची अपेक्षाही नसते. वरच्या मजल्यावरच्या एर्सिलियाबाई बाहेर आल्या. त्या शाळेत शिकवायच्या आणि अजूनही समोरच्या माणसाला आडनावाने हाक मारतात.

"कापास्सो, फ्लॉवर पाण्यात उकळताय? दुधात उकळा. पांढराशुभ्र राहतो."

लगेच खालच्या गॅलरीत नुन्झियाताबाई उगवल्या. त्या वर बघून बोलल्या नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघून बोलल्या. "सावेरिओभाऊ, वर कुणी काही म्हणालं का? मला काही ऐकू आलं नाही. लिंबू पिळा, लिंबू! दुधात उकळायला फ्लॉवर काय तान्हं बाळ आहे?"

इथे सांगायला हवं, की या दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद आहे. लोरेदाना शाळेत होती तेव्हा एर्सिलियाबाईंनी वाळत घातलेल्या लाल टेबलक्लॉथचं पाणी नुन्झियाताबाईंच्या पांढऱ्या पडद्यांवर ठिबकलं आणि पडदे गुलाबी झाले. तेव्हापासून जिन्यात गाठ पडली तर दोघी कोनाड्यातल्या मारियामाउलीच्या तसबिरीशी बोलतात. एक म्हणते, माउली, काही लोकांना लाज दे. दुसरी म्हणते, माउली, काही लोकांना डोळे दे, म्हणजे पडदे अजून गुलाबी आहेत की नाही ते दिसेल. माउली बिचारी दोघींचं ऐकून घेते.

आणि या दोघींच्या बरोबर मधल्या मजल्यावर सावेरिओ. वरून एर्सिलियाबाईंची टोपली उतरली, तिच्यात दुधाची बाटली. खालून नुन्झियाताबाईंनी सावेरिओंच्याच टोपलीत फ्लॉवरशेजारी दोन लिंबं ठेवली आणि दोरीला झटका दिला. दोघी गॅलरीत उभ्या राहून कान लावून होत्या. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही? सावेरिओंनी एकीचाही अपमान होऊ नये म्हणून फ्लॉवर दुधात घातला आणि वर लिंबू पिळलं.

पुढे काय झालं ते ज्याने एकदा तरी दूध तापवलंय त्याला सांगायला नको. दूध फाटलं. फ्लॉवर शिजायच्या आधी त्याच्याभोवती गुठळ्या जमल्या, गुठळ्या तळाला लागल्या, करपल्या, आणि सावेरिओ चमच्याने खरवडायला गेले तर फ्लॉवरही भुगा होऊन त्यांच्यात मिसळला.

"झाला का हो पांढरा?" वरून प्रश्न.

"शुभ्र!" सावेरिओ ओरडले.

"आंबट आहे ना थोडा?" खालून प्रश्न.

"अगदी मस्त!"

आता हे सगळं टाकायचं कुठे? कचऱ्याची पेटी गल्लीच्या टोकाला. तिथे जायचं म्हणजे भांडं घेऊन नुन्झियाताबाईंच्या दारावरून आणि जेरार्दोच्या दुकानासमोरून जायचं. सावेरिओंनी इकडेतिकडे पाहिलं. मग दोन्ही लापशा एका मोठ्या भांड्यात ओतल्या, झाकण घट्ट लावलं, भांडं गोठ्याच्या देखाव्यात डोंगरामागे ढकललं आणि वरून शेवाळ पसरलं. लंगडा मेंढपाळ त्याला टेकवून ठेवला. तो पहिल्यांदाच सरळ उभा राहिला.

एवढ्यात वरची टोपली पुन्हा उतरली. तिच्यात मातीचं पसरट भांडं, आत फ्लॉवर, त्यावर पांढरा घट्ट सॉस, त्यावर चीजचा तांबूस पापुद्रा, ओव्हनमधून नुकताच काढलेला. "थोडंसं चाखायला, कापास्सो," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "पोरीला कळू दे फ्लॉवर कसा खायचा असतो ते. भांड्याची घाई नाही."

सावेरिओ मटकन खुर्चीत बसले. दोन भांडी, दोन्ही परत करायची, भरून परत करायची, आणि घरात पिळून उरलेलं अर्धं लिंबू. कोशिंबीर राहिली बाजूला, आता अब्रू जायची वेळ आली होती. ते बशीकडे बघत बसले. मग मातीच्या भांड्याकडे. मग पुन्हा बशीकडे. आणि डोक्यात प्रकाश पडला.

त्यांनी निम्मी भजी मातीच्या भांड्यात ठेवून भांडं वर पाठवलं. निम्मा पांढऱ्या सॉसचा फ्लॉवर निळ्या बशीत घालून बशी खाली पाठवली. झालं! दोन्ही भांडी परत, दोन्ही भरलेली, आणि घरात उरलं ते पोरीपुढे ठेवायला. फ्युनिक्युलरचंही असंच असतं, एक डबा वर गेला की दुसरा आपोआप खाली येतो. सावेरिओंना स्वतःचा फार अभिमान वाटला.

थोड्याच वेळात वरून कुजबुज आली. "कापास्सो! भजी तुम्ही केलीत?"

"हो... म्हणजे, काय, सहज..."

"सहज? अहो, आवरण बघा किती हलकं!" मग खाली ऐकू जाईल अशा आवाजात, "या इमारतीत काही लोक भजी करतात त्याला भजी म्हणत नाहीत, गिलावा म्हणतात. त्यांनी तुमच्याकडे शिकवणी लावावी."

खाली नुन्झियाताबाईंनी बोट चाटलं आणि त्याही कुजबुजल्या. "सावेरिओभाऊ, पोटात काय दडवून ठेवलं होतंत हो इतकी वर्षं! काय तो सॉस!" आणि मग वर ऐकू जाईल असं, "नाहीतर वरच्या काही लोकांचा सॉस, भिंतीला कागद चिकटवायला बरा."

सावेरिओ दोन्हीकडे मान डोलावत राहिले. मान डोलावली तिथेच फसले, कारण आता दोघींनाही चेव चढला. नुन्झियाताबाईंनी टोमॅटोत शिजवलेला काळ्या ऑलिव्हचा फ्लॉवर पाठवला. तो सावेरिओंनी वर पाठवला. एर्सिलियाबाईंनी पीठ फुगवून केलेले फ्लॉवरचे वडे पाठवले. ते खाली गेले. मग नुन्झियाताबाईंनी चीज घातलेला पास्ता दिला, "तुमचा तुम्ही केलाच आहे, पण जरा माझाही बघा," असं म्हणून, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी वरून फ्लॉवरचं सूप आलं. टोपल्या वरखाली करून सावेरिओंचे खांदे भरून आले. गल्लीत बातमी पसरली की कापास्सो म्हाताऱ्याच्या हाताला तितीनाचा गुण लागलाय. जेरार्दोने तर न मागता तिसरा फ्लॉवर वर पाठवला, "काका, माझ्यातर्फे, कोशिंबिरीला."

कोशिंबीर! ती राहिलीच होती. तो तिसरा फ्लॉवर स्वयंपाकघराच्या टेबलावर तसाच बसून राहिला, आणि सावेरिओंची त्याला हात लावायची छाती झाली नाही.

दुपारी लोरेदाना आली. हातात मोठी सुटकेस, उचलताना मुळीच जड वाटत नव्हती. सावेरिओंचं लक्ष आधी सुटकेसकडे गेलं आणि मग मुलीकडे.

लोरेदानाने कोट काढला आणि टेबलाकडे पाहिलं. भजी, सॉसचा फ्लॉवर, ऑलिव्हचा फ्लॉवर, वडे, पास्ता, सूप. कुठल्याच ताटलीत पूर्ण काही नाही, सगळं निम्मंनिम्मं, पण टेबल भरलेलं. ती बसली आणि एक भजं तोंडात टाकलं. मग सॉसचा एक घास. तिचे डोळे भरून आले.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"मीच," सावेरिओ छाती काढून म्हणाले. "कोशिंबीर संध्याकाळी करणार आहे. ताजी."

"एकट्याने?"

"अगं, अवघड काय आहे त्यात!"

लोरेदानाने नॅपकिनने तोंड पुसलं. "मग प्रश्नच मिटला पप्पा. तुम्ही तूरिनला चला."

"आँ? अगं, पण तू म्हणालीस..."

"तेव्हा मला वाटलं होतं तुम्हाला रांधता येत नाही. एवढं सुंदर येतंय तर इथे एकट्यासाठी कशाला वाया घालवायचं? आमच्याकडे मुलं डब्यातलं वाटाण्याचं सूप खातात. माझी सासू भात करते तो ताट उलटं केलं तरी पडत नाही. तुम्ही रोज असा फ्लॉवर करा. सकाळी भजी, दुपारी पास्ता, रात्री सॉस. उद्याच निघू."

सावेरिओंच्या तोंडचं पाणी पळालं. "रोज?"

"रोज. आणि तुमच्या जावयाच्या, पीएरोच्या ऑफिसातली मंडळी रविवारी येतात, बारा-तेरा असतात."

"लोरेदाना," सावेरिओ घसा खाकरून म्हणाले, "मला फ्लॉवर येत नाही."

"विनय पुरे, पप्पा."

"अगं, विनय नाही! मला पाणीसुद्धा धड उकळता येत नाही! हे बघ!" ते धावत देखाव्याकडे गेले, मेंढपाळाला बाजूला टाकलं, शेवाळ ओरबाडलं, डोंगरामागचं भांडं ओढून काढलं आणि झाकण उघडलं. लोरेदाना तीन पावलं मागे सरली. "हे मी केलं! एवढंच मी केलं! ती भजी नुन्झियाताची, तो सॉस एर्सिलियाचा, वरचं मी खाली पाठवलं आणि खालचं वर पाठवलं. मी नुसत्या टोपल्या ओढल्या. मला इथून नेऊ नकोस गं. तुझी आई या घरात होती. सकाळी उठलो की तिची खुर्ची दिसते मला, तूरिनला मला काय दिसणार?"

आणि नेमका त्याच वेळी दरवाजा उघडा होता. एका हातात निळी बशी घेऊन नुन्झियाताबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे, जिन्याच्या खालच्या पायरीवर, मातीचं भांडं घेऊन एर्सिलियाबाई. दोघी पोरीला भेटायला आल्या होत्या. दोघींनी सगळं ऐकलं होतं.

नुन्झियाताबाई सावकाश वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एर्सिलियाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे तो सॉस तुझा?"

"म्हणजे ती भजी तुझी?"

"मी बोट चाटलं गं तुझ्या सॉसचं!"

"आणि मी सगळी संपवली! बहिणीला फोन करून सांगितलं, अशी भजी जन्मात खाल्ली नाहीत!"

"मग गिलावा कोण म्हणालं होतं?"

"आणि भिंतीचा कागद कोण म्हणालं?"

दोघी मिळून सावेरिओंकडे वळल्या. सावेरिओ भांडं छातीशी धरून उभे होते. त्यातून येणाऱ्या वासामुळेच कुणी फार जवळ आलं नाही, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही.

लोरेदाना हसायला लागली. आधी हळू, मग खुर्चीचा आधार घेऊन, मग डोळे पुसत पुसत.

"हसतेस काय!" नुन्झियाताबाई कडाडल्या. "तुझ्या बापाने आम्हाला बनवलं. तुझी आई असती तर..."

"आईच तर!" लोरेदाना म्हणाली. "मावशी, आईला फ्लॉवरच्या वासाने मळमळायचं. तिने उभ्या जन्मात फ्लॉवर उकळला नाही. तुमची भजी वर जायची, एर्सिलियाबाईंचा सॉस खाली जायचा. मी शाळेत असताना टोपली मीच ओढायचे."

नुन्झियाताबाई खुर्ची ओढून बसल्या. "तितीनाच्या प्रेताशेजारी बसून रडले मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता असा सॉस मला कोण खाऊ घालणार."

"मी तिच्या भज्यांसाठी रडले," एर्सिलियाबाई म्हणाल्या.

"आणि कोशिंबीर?" सावेरिओंनी चाचरत विचारलं. "कोशिंबीर तरी तिची होती ना गं?"

"तुरे मी उकडून द्यायचे," नुन्झियाताबाई म्हणाल्या. "माझ्या शेगड्या भरल्यात गं, तुझ्याबरोबर माझाही एक उकड, म्हणायची. मला वाटायचं एवढंच घेते."

"मिरच्या आणि ऑलिव्ह माझे," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "मलाही वाटायचं एवढंच घेते."

"आई वरून तेल ओतायची," लोरेदाना म्हणाली. "दार लावून."

सावेरिओंनी भांडं खाली ठेवलं. चाळीस वर्षं ज्या दारामागे बायको मन लावून राबतेय म्हणून ते जगाला सांगत होते, त्या दारामागे ती खुर्चीत बसून कॉफी पीत असणार, हे त्यांना आत्ता दिसलं. आधी त्यांना राग आला. मग त्यांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

"माझी अट काय होती, पप्पा?" लोरेदानाने विचारलं. "आईच्या पद्धतीने केलेली. बघितल्याबरोबर ओळखलं मी, सगळं निम्मंनिम्मं. तुमच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय सोडणार नव्हते, एवढंच."

मग काय, तिसरा फ्लॉवर होताच. नुन्झियाताबाईंनी बाह्या सरसावल्या, एर्सिलियाबाई वर जाऊन मिरच्यांची बरणी घेऊन आल्या, आणि त्या स्वयंपाकघरातून जे आवाज येऊ लागले ते ऐकायला जेरार्दो दुकान सोडून जिन्यापर्यंत आला. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. पडद्यांपासून सुरुवात झाली. मीठ आधी की नंतर यावर तर एकदा दोघींनी मिळून माउलीला साक्षीला बोलावलं. पण तुरे निघाले ते कसे, टच्च आणि पांढरे. तेल सावेरिओंनी ओतलं. स्वयंपाकघरात त्यांना तेवढंच करायला मिळालं.

लोरेदाना तीन राजांच्या सणापर्यंत राहिली. भांड्याचा तळ एकदाही दिसला नाही. जाताना तिने तितीनाचं मोठं हिरवं भांडं उरलेल्या कोशिंबिरीसकट कागदात गुंडाळून रिकाम्या सुटकेसमध्ये ठेवलं.

"अगं, ते आईचं भांडं आहे!" सावेरिओ म्हणाले. "परत पाठव."

"पाठवायचं कशाला, मीच घेऊन येईन ईस्टरला. पण रिकामं कसं आणू? काहीतरी रांधायला शिकावं लागेल मला."

ती गेली आणि सावेरिओ दुपारी गॅलरीत उभे राहिले. भूक लागली होती. वरून एर्सिलियाबाईंची टोपली खाली येताना दिसली. तिच्यातून सॉसचा, भाजलेल्या चीजचा वास येत होता. सावेरिओंनी हात पुढे केला. टोपली त्यांच्या नाकासमोरून, हाताच्या टोकापासून वीतभर लांबून, न थांबता खाली गेली.

"मिळाली गं!" नुन्झियाताबाई खालून ओरडल्या. "थांब, भजी उतरतायत, बशी रिकामी नाही पाठवत!"

मग भजी वर गेली. तीही नाकासमोरून गेली. आता दोघींना मधल्या माणसाची गरज राहिली नव्हती. सावेरिओंनी सुस्कारा सोडला, आत जाऊन आपली टोपली आणली आणि दोरीने खाली सोडली.

"जेरार्दो! एक फ्लॉवर पाठव. लहानातला लहान."

"दूध? लिंबू?"

"काही नको!"

वरच्या आणि खालच्या गॅलरीतून दोन डोकी एकदम बाहेर आली. "पाव व्हिनेगरमध्ये भिजवा!" दोघी एका सुरात ओरडल्या. "आणि तुकडा, अख्खा नाही!"

सावेरिओंनी भांड्यात पाणी घातलं, शेगडी पेटवली, तितीनाची खुर्ची ओढून शेगडीसमोर ठेवली आणि तिच्यात बसले. मेंढपाळाचा पाय पुढच्या नाताळला बघू, असं त्यांनी ठरवून टाकलं.